अरुंधती एकटी नाही

सप्तपदी आटोपली की वधूवरांना अरुंधती दाखवावी, अशी आपल्याकडे रीत. हल्ली मुहूर्त बहुधा दुपारचे. तेव्हा मांडवाच्या कापडाकडे पाहूनच दोघे ‘दिसली’ म्हणून मोकळे होतात!

आमच्या आजीला मात्र ती खरोखरच दिसेना. उन्हाळ्यात वाशीच्या घरी माळवदावर अंथरूण टाकले की सप्तर्षी शोधायचे, हा तिचा जुना नेम. अरुंधती दिसेनाशी झाली की माणसाचे दिवस भरले, ही समजूत तिच्या मनात पक्की. तिने ते कोणाला सांगितले नाही. चार दिवस नीट जेवली नाही, तेव्हा उलगडा झाला.

सप्तर्षींच्या शेपटाकडून दुसरा तारा वसिष्ठ, त्याला लगटून अरुंधती. दोघांतील कोनीय अंतर सुमारे १२ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडे कमी. निरोगी डोळा एका कलेचे अंतरही ओळखू शकतो. मग अडते कोठे? अरुंधतीचे तेज वसिष्ठाच्या साधारण सहाव्या हिश्शाचे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात प्रकाश विखुरतो आणि वसिष्ठाच्या पसरलेल्या उजेडात ती बुडून जाते. दोष डोळ्याच्या भिंगाचा, आयुष्याचा नव्हे.

ही जोडी आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहे. दुर्बिणीतून वसिष्ठाचेच दोन तारे होतात, हे सतराव्या शतकात कळले. १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत त्यांपैकी तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा ठराविक दिवशी दुहेरी होताना आढळल्या. एक तारा आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा दूर जात असतो. म्हणून एकाच्या रेषा निळ्या बाजूस सरकतात, दुसऱ्याच्या तांबड्या. साडेवीस दिवसांत एक फेरा. पुढे दुसरा ताराही असाच जोडतारा निघाला. वसिष्ठ असे चौघे झाले. अरुंधती तेवढी एकटी राहिली.

२००९ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकगटांना तिच्या अगदी जवळ, विकलेच्या आसपास अंतरावर, एक मंद ठिपका दिसला. मागचाच एखादा दूरचा तारा असेल तर? एका गटाने सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले. पृथ्वी सूर्याभोवती सरकते तसे जवळचे तारे पार्श्वभूमीवर किंचित हललेले दिसतात. दूरचे जागच्या जागी राहतात. हा ठिपका अरुंधतीबरोबरच हलला होता. म्हणजे तो तिचाच सोबती.

सोबती कसला, तांबडा खुजा तारा! वस्तुमान सूर्याच्या सुमारे पाव. अरुंधती सूर्याच्या पावणेदोन पटींहून थोडी जड, पृष्ठभाग सुमारे ८००० अंश तापलेला, आणि तेज सूर्याच्या दहापटींहून अधिक. एवढे तेज उधळल्यावर इंधन पुरणार किती? तिचे आयुष्य एक-दोन अब्ज वर्षांचे. खुज्याचा खर्चच जेमतेम, त्यामुळे ती विझल्यावरही तो अब्जावधी वर्षे मिणमिणत राहील.

दिवाळीनंतर आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. वैशाखात ती पुन्हा माळवदावर चढली आणि बराच वेळ उत्तरेकडे पाहत राहिली. ‘आहे की गं बाई,’ एवढेच म्हणाली. मी सोबत्याची हकीकत सांगू लागलो, तोवर तिला झोप लागली होती.