जागा असूनही 'जागा नाही' : युनिक्स सर्व्हरवरील आयनोडची टंचाई

जुना युनिक्स सर्व्हर सांभाळताना 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' या अर्थाचा संदेश केव्हा ना केव्हा येतोच. प्रशासक डीएफ ही आज्ञा देऊन पाहतो, तर डिस्क निम्म्याहून अधिक रिकामी असते. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जाते, नाहीतर मोठमोठ्या फायली शोधून त्या पुसण्याचा सपाटा लावला जातो. यातला दुसरा उपाय घातक आहे. महाविद्यालयाच्या यंत्रावरील मोठ्या फायली बहुधा जुन्या निकालांच्या किंवा हिशेबाच्या असतात. त्या जातात आणि अडचण मात्र जशीच्या तशी राहते.

याचे कारण युनिक्सच्या रचनेत आहे. प्रत्येक फाइलीचे दोन भाग असतात. मजकूर ब्लॉकमध्ये राहतो. फाइलीचा मालक, परवानग्या, आकार, वेळ आणि ब्लॉकचे पत्ते आयनोड नावाच्या छोट्या नोंदीत राहतात. फाइलीचे नाव यांपैकी कशातच नसते. ते डिरेक्टरीत असते, आणि त्यापुढे फक्त आयनोडचा क्रमांक लिहिलेला असतो. ग्रंथालयाचा दाखला घेतला तर ब्लॉक म्हणजे कपाटे आणि आयनोड म्हणजे दाखल नोंदवहीतील छापील क्रमांकाच्या ओळी. नोंदवही भरली की कपाटे रिकामी असूनही नवे पुस्तक दाखल करता येत नाही. जुन्या फाइल सिस्टिममध्ये ही नोंदवही डिस्क तयार करतानाच कायमची आखली जाते. मागाहून तिला पाने जोडता येत नाहीत.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीतील एक नोंद १६ बाइटची होती. त्यांतील १४ बाइट नावासाठी आणि २ बाइट आयनोड क्रमांकासाठी. दोन बाइटमध्ये ६५,५३५ च्या पुढची संख्या मावत नाही, म्हणून एका फाइल सिस्टिममध्ये त्याहून अधिक फायली शक्यच नव्हत्या. त्या आवृत्तीत आयनोड ६४ बाइटचा होता, म्हणजे एवढ्या आयनोडांची नुसती यादीच सुमारे ४ मेगाबाइट होते. १९७० च्या दशकात पीडीपी-११ बरोबर सर्रास वापरली जाणारी आरके०५ डिस्क मुळात अडीच मेगाबाइटची होती. तेव्हा ही मर्यादा कोणाला जाचली नसेल तर त्यात नवल नाही. सिस्टिम फाइव्हच्या जुन्या फाइल सिस्टिमने मात्र तीच रचना पुढे चालवली, आणि डिस्क शेकडो मेगाबाइटच्या झाल्यावर ती मर्यादा आड येऊ लागली.

बर्कलेच्या जलद फाइल सिस्टिमने (१९८४ चा मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांचा शोधनिबंध) संख्येची अडचण दूर केली. दर २,०४८ बाइट जागेमागे एक आयनोड असे प्रमाण त्यांनी ठरवले. ते प्रमाणही अंदाजावरच आधारलेले होते. युजनेटच्या बातम्यांच्या सर्व्हरवर एकेक लेख ही स्वतंत्र छोटी फाइल असे. तेथे ब्लॉक शिल्लक असताना आयनोड संपणे ही नित्याची डोकेदुखी होती. पुढे अनेक लेख एकाच मोठ्या फाइलीत चक्राकार साठवण्याची पद्धत आली, तेव्हा हा ताण उतरला.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. लिनक्सवरील ईएक्सटी४ मध्ये सर्वसाधारणपणे १६ केबीमागे एक आयनोड असतो. म्हणून ४० जीबीच्या विभागात २६,२१,४४० आयनोड मिळतात. प्रत्येक फाइल ४ केबीच्या एकाच ब्लॉकमध्ये मावणारी असेल, तर केवळ १० जीबी भरल्यावर नवी फाइल तयार होणे थांबते. पाऊण डिस्क रिकामी राहते. येथे अर्ध्या जीबीची निकालाची फाइल पुसली, तर लाखभर ब्लॉक सुटतात, आयनोड मात्र एकच सुटतो.

घोटाळा वाढतो तो संदेशामुळे. ब्लॉक संपोत वा आयनोड, कर्नल प्रोग्रामला एकच त्रुटी परत देतो : ईएनओएसपीसी, क्रमांक २८. फरक कन्सोलवर दिसतो. सातव्या आवृत्तीचा कर्नलसुद्धा तेथे 'आयनोड संपले' असे स्वच्छ छापत असे. पण कन्सोलकडे पाहतो कोण?

निदानासाठी आज्ञांच्याही आधी लक्षणे पाहावीत. आयनोड संपले असतील तर आधीच्या फायली वाढत राहतात, नोंदींची लॉग फाइल पुढे लिहिली जाते. मात्र व्हीआय संपादकाला तात्पुरती फाइल करता येत नाही, छपाईच्या रांगेत नवे काम जात नाही. ब्लॉक संपले असतील तर बहुधा उलटे घडते : टच आज्ञेने रिकामी फाइल तयार होते, पण तीत मजकूर शिरत नाही. त्यानंतर खात्रीसाठी डीएफला 'उणे आय' हा पर्याय द्यावा. सोलारिसवर यूएफएससाठी 'उणे ओ आय', तर एचपी-यूएक्सवर बीडीएफ ही आज्ञा लागते.

दोन्ही आकडे समाधानकारक असतील तर हा आजार वेगळा समजावा. आणि ब्लॉकच संपले असून डीयूची बेरीज डीएफशी जुळत नसेल, तर पुसलेली पण एखाद्या प्रोसेसने उघडी ठेवलेली फाइल शोधावी. मूळ विभाग अचानक भरला असेल तर डेव्ह डिरेक्टरीत डोकवावे. टेप ड्राइव्हचे नाव चुकीचे टंकले गेले की बॅकअप टेपवर न जाता तेथे साध्या फाइलीच्या रूपाने साचतो.

आयनोडांचाच तुटवडा ठरला तर छोट्या फायलींचे कोठार शोधावे लागते. न पोहोचलेली पत्रे, छपाईची रांग, वेब सत्रांच्या फायली ही नेहमीची ठिकाणे. फाइंड आज्ञा एकाच फाइल सिस्टिमपुरती मर्यादित ठेवून डिरेक्टरीवार मोजणी करावी. लाखो फायलींच्या डिरेक्टरीत साधी एलएस आज्ञा नावांचा क्रम लावत खोळंबते, आणि तारांकन देऊन पुसू पाहिल्यास नावांची यादी फार लांब झाल्याची तक्रार येते. म्हणून फाइंडने जुन्या फायली निवडून त्या एक्सआर्ग्जकडे सोपवाव्यात. फायली निर्माण करणारा प्रोग्राम आधी थांबवावा, अन्यथा सुटलेले आयनोड तासाभरात पुन्हा भरतात. फायली गेल्या तरी अनेक जुन्या फाइल सिस्टिममध्ये फुगलेली डिरेक्टरी आकसत नाही. नवी करून उरलेल्या फायली तीत हलवाव्या लागतात.

कायमचा उपाय एकच : संपूर्ण बॅकअप घेऊन, तो वाचता येतो याची खात्री करून, विभाग अधिक आयनोडांसह नव्याने तयार करणे. एक्सएफएस आणि झेडएफएस यांसारख्या फाइल सिस्टिम गरजेप्रमाणे आयनोड निर्माण करतात, पण जुन्या यंत्रावर ती सोय क्वचितच असते.

विद्यार्थ्यांना हे दाखवायला जुना सर्व्हर लागत नाही. लिनक्सवर १० मेगाबाइटची एक फाइल करून तिच्यावर शंभरच आयनोडांची फाइल सिस्टिम उभारावी, ती माउंट करावी आणि रिकाम्या फायली तयार करत जावे. शंभरी गाठण्याआधीच 'जागा नाही' उमटते, कारण पहिले काही आयनोड प्रणाली स्वतःसाठी राखून ठेवते.