प्रयोगाची पेटी आणि महिन्याची बैठक

विज्ञान साहित्याची पेटी बहुतेक शाळांत असते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा’ मोहीम सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शाळांना विज्ञानाची पेटी, गणिताची पेटी, छोट्या हत्यारांचा संच, नकाशे असं बरंच काही द्यायचं ठरलं होतं. त्यानंतरही निरनिराळ्या योजनांतून साहित्य येत राहिलं. पेटी येते, डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद होते, आणि ती कपाटात जाते. काचेची नळी फुटली तर खुलासा कोण देणार, या धास्तीनं ती बऱ्याचदा कपाटातच राहते.

शिक्षक आळशी असतात म्हणून पेटी उघडत नाही, असं म्हणून मोकळं होता येतं. पण जरा जवळून पाहिलं तर कारण वेगळं दिसतं. चाळीस मुलांसमोर प्रयोग करायचा, आणि तो पुस्तकातल्यासारखा झाला नाही तर पुढे काय बोलायचं, हा खरा प्रश्न असतो. याचं उत्तर पेटीत नसतं. पेटीबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेतही नसतं.

या प्रश्नाला एका संपूर्ण जिल्ह्यानं तीस वर्षं तोंड दिलं. तो जिल्हा म्हणजे मध्य प्रदेशातला होशंगाबाद. (२०२२ पासून त्याचं नाव नर्मदापुरम आहे.) १९७२ मध्ये तिथल्या १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीच्या वर्गांत, ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक त्यात येऊन मिळाले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढचं काम तिनं सांभाळलं. या शाळा सरकारी होत्या, शिक्षक सरकारी पगारावरचे होते आणि मुलं खेड्यातली होती. हे मुद्दाम सांगायचं, कारण निवडक शाळेत निवडक शिक्षकांनी केलेले प्रयोग आपण पुष्कळ ऐकलेले असतात.

‘बाल वैज्ञानिक’ हे तिथलं पुस्तक. त्यात व्याख्या जवळजवळ नव्हत्याच. करायच्या कृती होत्या आणि त्यांवर प्रश्न होते. चार-चार मुलांनी गटात बसायचं, प्रयोग करायचा, जे दिसलं ते वहीत लिहायचं आणि मग वर्गात चर्चा करायची. परीक्षेला पुस्तक आणि वही बरोबर नेता येत असे, आणि प्रात्यक्षिकही असे.

अशा पुस्तकावर शिकवायचं तर शिक्षकाचं प्रशिक्षण व्याख्यानांनी होणार नाही, हे उघड आहे. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे तीन आठवड्यांची शिबिरं होत. एका वर्षी सहावीचा अभ्यास, पुढच्या वर्षी सातवीचा, मग आठवीचा. शिबिरात शिक्षकांनीही मुलांसारखंच चौघांच्या गटात बसून प्रत्येक प्रयोग स्वतःच्या हातानं करायचा. यातून नेमकं काय साधतं ते एका धड्यावरून पाहू. ‘बाल वैज्ञानिक’मध्ये योगायोग आणि संभाव्यता या विषयावर एक धडा होता. त्याला लागणारं साहित्य म्हणजे एक नाणं.

नाणं दहा वेळा उडवा आणि छापे मोजा. किती यायला हवेत? पाच, असं आपण सगळेच म्हणतो. आता चाळीस मुलांच्या वर्गात दोघा-दोघांच्या वीस जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला दहा वेळा नाणं उडवायला सांगा. फळ्यावर आकडे येतात ते असे: ६, ४, ७, ५, ३, ५, ८... सात-आठ आले त्या जोडीकडे बाकीची मुलं संशयानं बघतात. आणि हळूच एक गोष्ट घडते. पुढच्या वेळी वह्यांत पाच, पाच, सहा, पाच असे आकडे दिसू लागतात. मुलांनी नाणं उडवणं सोडून दिलेलं असतं. बाईंना किंवा गुरुजींना कोणतं उत्तर हवं आहे ते त्यांना कळलेलं असतं.

इथे शिक्षकाला माहीत हवं की सात म्हणजे बिघडलेला प्रयोग नव्हे. थोडं गणित करू. नाणं दहा वेळा उडवताना छाप्या-काट्यांचे क्रम एकूण १०२४ प्रकारे येऊ शकतात (२ गुणिले २ असं दहा वेळा). त्यांतल्या फक्त २५२ क्रमांत बरोबर पाच छापे असतात. म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. वीस जोड्यांपैकी पाचेक जोड्यांनाच नेमके पाच छापे मिळतील. उलट, सात-तीन किंवा त्याहून जास्त एकतर्फी असे क्रम ३५२ आहेत. त्यामुळे वीसपैकी सातेक जोड्यांना असले ‘चुकीचे’ आकडे यायलाच हवेत! सगळ्या वर्गाला पाच आले तर मात्र शिक्षकानं जरूर संशय घ्यावा.

आता वीसही जोड्यांचे आकडे एकत्र करा. एकूण २०० फेकी झाल्या. यांत छापे बहुधा ८६ ते ११४ च्या दरम्यान येतील. वीस वर्गांत हा प्रयोग केला तर एखादाच वर्ग या मर्यादेबाहेर पडेल. टक्क्यांत सांगायचं तर ४३ ते ५७. प्रत्येक जोडीनं पन्नास वेळा नाणं उडवलं तर हजार फेकी होतात, आणि छापे साधारण ४७० ते ५३० च्या आत बसतात, म्हणजे ४७ ते ५३ टक्के. टक्केवारी पन्नासकडे सरकत चालली आहे. पण जरा थांबून आकडे पुन्हा बघा. दोनशे फेकींत निम्म्यापासून चौदाचा फरक पडत होता, हजारात तीसचा पडतो. प्रत्यक्ष फरक कमी झालेला नाही, वाढला आहे; तो एकूण फेकींच्या मानानं लहान झाला आहे. ‘आधी छापे जास्त आले, आता काटे येऊन भरपाई होईल’ ही समजूत इथेच पडते. नाण्याला मागचं काही आठवत नाही.

हे सगळं एखाद्या व्याख्यानात सांगून टाकता येईल. पण ज्या शिक्षकानं शिबिरात स्वतः नाणं उडवलं, ज्याच्या स्वतःच्या गटाला आठ आले आणि शेजारच्या गटानं त्याला हसून घेतलं, त्याची वर्गात गेल्यावर वागण्याची तऱ्हा बदलते. मुलाच्या वहीत आठ दिसले तर तो ‘परत कर’ म्हणत नाही. मुलानं पाहिलं तेच लिहावं, याची मुभा त्या मुलाला अशा शिक्षकाकडूनच मिळते. विज्ञान शिकवण्यात याहून महत्त्वाचं मला तरी काही दिसत नाही. वर्गात खोटे आकडे लिहायला एकदा शिकलेलं मूल पुढे प्रयोगशाळेतही तेच करतं, आणि दहावी-बारावीच्या प्रात्यक्षिक वह्या तपासणाऱ्यांना यावर आणखी काही सांगायला नको.

साहित्याची कथाही अशीच आहे. फुलाचे भाग सुटे करायला पेटीत सुया असतात. होशंगाबादच्या मुलांनी त्याऐवजी बाभळीचा काटा वापरला. तो टोकदार, फुकट आणि हवा तेवढा मिळणारा. तो हरवला तर कुणी खुलासा मागत नाही. अरविंद गुप्ता पुण्याला टेल्कोत इंजिनियर होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन या कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचा तुकडा कापून त्यात दोन्ही बाजूंनी आगकाड्या खोचल्या की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन जरा ढकलला की कलतो. मग चौकोनात एक कर्ण घालून बघायचा, आणि पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत त्रिकोणच का असतात ते मुलांनी आपापलं शोधायचं. पुढे आयुकाच्या पुण्यातल्या बालविज्ञान केंद्रात गुप्तांनी अशी खेळणी असंख्य मुलांना आणि शिक्षकांना करायला लावली. खेळणी प्रसिद्ध झाली, हे चांगलंच झालं. पण त्यांचा उगम एका जिल्ह्याच्या शिक्षण कार्यक्रमात आहे, आणि त्या कार्यक्रमात साहित्याइतकीच माणसांची बसण्याची व्यवस्था होती, हे मात्र विसरलं जातं.

ती व्यवस्था म्हणजे महिन्याची बैठक. आसपासच्या शाळांचं मिळून एक ‘संगम केंद्र’ असे. दर महिन्याला तिथं विज्ञानाचे शिक्षक जमत. कोणता धडा कुठवर आला, कोणता प्रयोग जमला नाही, मुलांनी काय विचारलं, हे बोलायचं आणि पुढच्या महिन्याचे प्रयोग एकदा करून बघायचे. शिवाय अनुवर्तन असे: अनुभवी शिक्षक दुसऱ्या शाळांत जाऊन वर्गात बसत. ही तपासणी नव्हती. अडलेल्या ठिकाणी हात द्यायचा, असा तिचा हेतू होता. शिक्षकांसाठी ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाचं पत्रक निघे. मुलांसाठी ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. त्याला पत्र लिहून काहीही विचारावं आणि उत्तर यावं. बैठकांतून आणि भेटींतून जे कळे त्यावरून ‘बाल वैज्ञानिक’चे धडे पुन्हा लिहिले जात. खेड्यातल्या शिक्षकाची तक्रार पाठ्यपुस्तकात दुरुस्ती होऊन परत येते, हे किती शिक्षकांच्या अनुभवाचं आहे?

२००२ मध्ये मध्य प्रदेश शासनानं हा कार्यक्रम बंद केला. जिल्ह्यात पुन्हा इतर जिल्ह्यांसारखीच पुस्तकं आली. इतकी वर्षं चाललेली व्यवस्था एका आदेशानं थांबते, याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे सांगाडा मात्र आहे. प्रत्येक केंद्राला केंद्रप्रमुख आहेत, केंद्राची शिक्षण परिषद भरते, जिल्ह्याला डाएट आहे. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेत आणि ‘दीक्षा’वर चित्रफिती आहेत. चित्रफितींबद्दल एकच अडचण: त्यांतला प्रयोग कधी फसत नाही. आपला फसतो, आणि तो का फसला हे बोलायला समोर माणूस लागतो. परिषदेचा वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातो हे खरं असलं, तरी त्यातला एक तास मागून घ्यायला काय हरकत आहे?

त्या तासासाठी एक प्रयोग सुचवतो. तो आपण सगळ्यांनी शिकवलेला आहे. बशीत पाणी घ्यायचं, मेणबत्ती लावायची, वर ग्लास पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. ‘एक पंचमांश ऑक्सिजन जळाला म्हणून पाणी एक पंचमांश चढलं’ असं आपण सांगतो.

आधी प्रत्येक गटानं पाणी किती चढलं ते मोजावं. मग त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. पाणी जास्त चढतं! ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता. दुसरं म्हणजे, पाणी केव्हा चढतं ते नीट पाहावं. ज्योत जळत असताना ते फारसं हलत नाही. ज्योत विझल्यावर भराभर चढतं. काही गटांना सुरुवातीला ग्लासाच्या कडेनं बुडबुडे बाहेर पडताना दिसतील. ज्योतीनं हवा तापली, पसरली, थोडी बाहेर गेली. ज्योत विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसली आणि पाणी आत आलं. चढलेल्या पाण्याचं मुख्य कारण हे आहे.

ऑक्सिजनचा वाटा किती? हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, पण तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते. म्हणजे सगळा संपत नाही, पाचेक टक्केच वापरला जातो. त्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेण जळताना वापरलेल्या ऑक्सिजनच्या साधारण दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो पाण्यात झटकन विरघळत नाही. हिशेब केला तर या बदलानं हवा जेमतेम दीड-दोन टक्क्यांनी घटते. एक पंचमांशाचा आकडा कुणाला नेमका मिळाला असेल तर तो ग्लासाच्या आणि ज्योतीच्या मापाचा योगायोग.

मग एक पंचमांश खरोखर दाखवायचा कसा? लोखंड गंजवून. कानशीनं घासताना पडलेला ताजा लोखंडी कीस घ्यावा; ग्रिलवाल्याकडे तो मिळतो. परीक्षानळी आतून ओली करून कीस बाजूंना चिकटवावा आणि नळी पाण्यात पालथी उभी करावी. इथे ज्योत नाही, उष्णता नाही आणि नवा वायूही तयार होत नाही. गंज चढतो तसं पाणी हळूहळू वर येतं, आणि साधारण एक पंचमांशावर थांबतं. शेजारी कीस न घातलेली एक नळी तशीच पालथी ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल. एकदोन नळ्यांतलं पाणी मध्येच अडकेल. कीस कमी पडला का, तेलकट होता का, की वेळ पुरला नाही, यावर बोलायला तो तास अपुरा पडेल.

नळ्या लावल्यापासून पाणी थांबेपर्यंत एक-दोन दिवस जातात. त्यामुळे परिषदेच्या दोन दिवस आधी केंद्रशाळेतल्या कुणीतरी त्या लावून ठेवाव्या लागतील, आणि नळीवर पाण्याची पहिली खूण करायला विसरून चालणार नाही.