पाटी ते फ्लेक्स : लेखांक ६ – शिरोरेषा सांभाळा

मागच्या आठवड्यात पानाचं माप आणि रंग ठरवून झाले. आता मजकुराकडे वळू. आपल्याकडे दुकानांच्या पाट्या आणि फ्लेक्सची बरीचशी कामं कोरलड्रॉमध्ये होतात, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेऊ.

कोरलमध्ये मजकूर दोन तऱ्हांचा असतो. टेक्स्ट टूल घेऊन पानावर नुसतं क्लिक करून टाइप केलं की तो 'आर्टिस्टिक टेक्स्ट', आधी चौकट ओढून मग टाइप केलं की 'पॅराग्राफ टेक्स्ट'. पहिल्याचा कोपरा ओढला की अक्षरं वाढतात. दुसऱ्याची नुसती चौकट वाढते, अक्षरं आहेत तेवढीच राहतात. दुकानाचं नाव पहिल्या तऱ्हेत टाका, मालाची यादी आणि पत्ता दुसऱ्या. अदलाबदल झालीच, तर कंट्रोल आणि एफ ८ दाबून तऱ्हा बदलता येते.

नाव पाटीभर पसरवायचं असतं, तेव्हा खरी गडबड होते. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यामुळे त्यांच्यामधलं अंतर वाढवलं तर उलट ऐट येते. तेच 'किराणा'ला करून पाहा : शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बाजूचं हँडल धरून शब्द आडवा ताणणं हाही उपाय नव्हे. उभे दंड जाड होतात, शिरोरेषेची जाडी मात्र तेवढीच राहते, आणि अक्षराचा तोल जातो. देवनागरीत अक्षरांमधल्या अंतराला हात लावायचा नाही. जागा भरायची तर कोपऱ्यातून आकार वाढवा, दोन शब्दांमधलं अंतर वाढवा, नाहीतर जाड वजनाचा फाँट घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मोफत मिळणारा 'मुक्ता' सात वजनांत आहे.

ओळींमधल्या अंतराचं मात्र उलटं. तिथे हात सैल ठेवा. वरच्या ओळीतला 'कृ' किंवा 'द्रु' खाली उतरतो, खालच्या ओळीतला 'र्की' वर चढतो. इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात दोघांची टक्कर होते.

आता आउटलाइन. पिवळ्या नावाला लाल कड दिली की प्रत्येक अक्षराभोवती वेगळी कड येते आणि जिथे शिरोरेषा जुळतात तिथे लाल उभ्या रेघा उमटतात. अशा वेळी मजकूर कंट्रोल-क्यूने कर्व्हमध्ये न्यावा, सुटा करावा आणि मग 'वेल्ड' करावा. 'कंबाइन' नको, त्यात जिथे अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात तिथे भोकं पडतात. पोटफोड्या 'ष'मधल्या किंवा 'व'मधल्या पोकळ्या वेल्डनंतर शाबूत आहेत ना, तेही पाहून घ्या. टोकांवर काटे निघाले तर आउटलाइनचे कोपरे गोल करा.

कर्व्ह केलं की फाँट नसलेल्या यंत्रावरही अक्षरं बिघडत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर एरवी छपाईवाल्याकडे इंग्रजी चिन्हांच्या कचऱ्यासारखा उघडतो. पण कर्व्हमधला फोन नंबर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. म्हणून मजकुराची मूळ फाइल वेगळी ठेवावी.

शेवटी आकार. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर भाषांच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दोन्हींना १४४ पॉइंट दिले म्हणजे झालं, असं समजू नका. पॉइंटच्या मापात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांचीही जागा धरलेली असते, त्यामुळे त्याच आकड्यात मराठी अक्षराचं अंग बहुधा इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं भरतं. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची पानावरच मोजा, इंग्रजीची उंची तिच्याशी ताडून पाहा आणि लागेल तेवढा मराठीचा आकडा वाढवा. ग्राहक पाटी वाचतो ती डोळ्यांनी. फाँटच्या खिडकीतला आकडा त्याला दिसत नाही.

पुढच्या लेखांकात : पार्श्वभूमीवर फोटो असताना अक्षरं उठावदार कशी ठेवायची.