शब्दवाटा : तरंगणं आणि तरणं

गेल्या आठवड्यात ‘बुडणे’ झालं. बुडीत कर्ज, बुडालेली शाळा, बुडता दिवस असं सगळीकडे हिंडून आलो. आज वर येऊ.

इंग्रजी एका ‘फ्लोट’वर भागवते, तिथे मराठीने दोन क्रियापदं ठेवली आहेत : तरंगणे आणि तरणे. डोहावर पडलेलं पिंपळपान तरंगतं, पुरात सापडलेला माणूस तरतो. पानाला कुठे पोचायचं नसतं, माणसाला काठ गाठायचा असतो. दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘तॄ’ या धातूच्या घरातले, आणि त्या धातूचा मूळ अर्थ पार जाणे, ओलांडणे. तरण्याने तो अर्थ जपला. तरंगण्याने फक्त पाण्याचा पृष्ठभाग घेतला.

देहूला गेलात तर हा फरक कानाने ऐकता येतो. इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. तिथे कुणीही ‘गाथा तरंगली’ म्हणत नाही. ‘गाथा तरली’ म्हणतात. कागद पाण्यावर आले एवढंच सांगायचं असतं तर ‘तरंगली’ पुरलं असतं. वाचली, टिकली, आपल्यापर्यंत पोचली हे सगळं ‘तरली’त आहे.

या धातूचा गोतावळा मोठा. नदी ओलांडायची जागा ते तीर्थ. पाणी कमी असून पायी पलीकडे जाता येतं तो उतार. पार न होणारं ते दुस्तर. समुद्रातलं जहाज तारू, होडी चालवणारा तारी, आणि पूल नव्हते तेव्हा खाडी ओलांडायला कोकणात लागायची ती तर. ‘तू करून ठेवलंयस, तूच निस्तर’ असं आई चिडून म्हणते तेव्हा तीही ‘या पाण्यातून बाहेर ये’ असंच म्हणत असते.

मला मात्र सगळ्यांत जवळचा शब्द ‘सांगड’. तो या धातूतला नाही, तरी तरंगण्याची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. गावच्या विहिरीत पोहायला शिकताना काकांनी माझ्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधले होते. टिचकी मारली की आत बिया खुळखुळायच्या. दोर काखेखालून घेऊन छातीवर गाठ. उडी मारली की भोपळे पाठ वर खेचत आणि तोंड पाण्यात जाई. वरून काका ओरडत, ‘अरे, हात मार, हात!’ हात मारल्याशिवाय नाक वर येतच नसे. आठवड्याने एक भोपळा सुटला, मग दुसरा. त्या भोपळ्यांच्या जोडीला सांगड म्हणतात. दोन होड्या एकमेकींना बांधून केलेली तीही सांगडच. आज आपण घर आणि नोकरीची सांगड घालतो, परंपरा आणि विज्ञानाची सांगड घालतो, आणि त्या शब्दाखाली पाणी आहे हे विसरून गेलो आहोत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडके एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नावांना ‘संगर’ म्हटलं आहे. अभ्यासक तो शब्द याच कुळाशी जोडतात.

आता बँकेत जाऊ. गृहकर्जाच्या मराठी कागदावर कधी ‘तरता व्याजदर’ असतो, कधी ‘बदलता’. 1 ऑक्टोबर 2019 पासून रिझर्व्ह बँकेने नव्या फ्लोटिंग गृहकर्जांचे दर रेपोसारख्या बाहेरच्या मानकाशी जोडायला बँकांना सांगितलं. तीन महिन्यांतून निदान एकदा ते बदलावे लागतात. रेपो वाढला की हप्ता वाढतो, नाहीतर मुदत लांबते. याला ‘तरता’ म्हणणं मला पटत नाही. मराठी कानाला ‘तरता’ म्हणजे वाचणारा, आणि इथे दर वाढला की कर्जदारच गटांगळ्या खातो. ‘बदलता’ हाच प्रामाणिक शब्द. त्याच बँकेत सोनेतारण कर्जही मिळतं. तिथलं ‘तारण’ मात्र नेमकं आहे. कर्ज फिटलं नाही तर सावकाराला तारतं ते तारण.

रुपयाच्या बाबतीत ‘तरंगता’ चालेल. मार्च 1993 पासून त्याचा दर बाजार ठरवतो. पाण्याची पातळी हलेल तसं नाणं वरखाली होतं, पैलतीर असा काही नसतोच.

नगरपालिकांच्या अहवालांत ‘तरंगती लोकसंख्या’ असते. पंढरपुरात आषाढीला येणाऱ्या माणसांना हे विशेषण लावलेलं वाचलं की मला वाईट वाटतं. आळंदीहून, देहूहून पायी आलेला माणूस तरंगत आलेला नाही. ‘येणारी-जाणारी माणसं’ हा साधा शब्द असताना ओंडक्याचं विशेषण माणसाला कशाला? निवडणुकीतल्या फ्लोटिंग मतदाराला तर आपण कधीच ‘कुंपणावरचा’ म्हणून जमिनीवर आणला आहे.

मिसळीवर तरंगणारी तर्री या घरातली वाटते, पण नाही. ती फारसीतल्या ‘तर’ म्हणजे ओलं, त्यातून आली. नागपूरकरांच्या तर्री-पोह्यांनाही हेच लागू.

उतार आणि उतारू यांचा भाऊ ‘उतारा’ मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तलाठ्याकडे मिळतो तो सातबाराचा उतारा आणि नजर लागली म्हणून तिठ्यावर ठेवतात तो उतारा, दोघांची भेट पुढच्या आठवड्यात.