पात्यावरचे नाव : ठसा की लेझर?

मिटणाऱ्या चाकूचे पाते मुठीला जिथे खिळ्याने जोडलेले असते, तिथे धार नसलेला एक अरुंद पट्टा राहतो. कारखान्याची खूण बहुधा इथेच असते, कारण पाते दगडावर कितीही घासले तरी हा भाग फारसा झिजत नाही. इंग्लंडमधील शेफिल्डच्या चाकू-कात्री कारागिरांची संघटना १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली. कारागिरांच्या खुणांची नोंद ठेवणे हे तिचे एक मुख्य काम होते. महाराष्ट्रात अशा खुणा दिसतात त्या फिरंगी तलवारींवर. पाते युरोपातले, मूठ इथली. त्या खुणांना एवढा भाव होता, की भारतीय पात्यांवरही त्यांची नक्कल होऊ लागली.

ठसा मारायचा तो पाते मऊ असताना. कडक पोलादाच्या पंचावर उलटी अक्षरे कोरलेली असतात. तो पात्यावर टेकवून हातोड्याचा एकच नेमका घाव घालतात किंवा प्रेसखाली दाबतात. हात हलून दुसरा घाव पडला, तर अक्षर दुहेरी उमटते. यात धातू निघून जात नाही, दबून बाजूला सरकतो. म्हणून अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा येतो आणि तो घासून काढावा लागतो. त्यानंतर पाते तापवून त्याला पाणी देतात. पाणी दिलेल्या पात्यावर ठसा मारायला गेले, तर पाते तडकते किंवा पंचाचीच अक्षरे उडतात. दाबाचा परिणाम अक्षराच्या तळाखालीही पोहोचलेला असतो. घासून सपाट केलेला ठशाचा क्रमांक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून पुष्कळदा पुन्हा वाचता येतो, तो याच कारणाने.

लेझरला मात्र पाणी दिलेले पातेही चालते. धातूसाठी बहुधा फायबर लेझर वापरतात. त्याचा १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून योग्य चष्म्याशिवाय उघड्या यंत्राजवळ उभे राहणे धोक्याचे. फिरते आरसे किरण वळवतात आणि संगणकावरचे नाव काही सेकंदांत उमटते. किरण तीव्र असेल, तर धातूची वाफ होऊन खाच पडते. सौम्य ठेवला, तर पृष्ठभाग तापून त्यावर ऑक्साइडचा काळा थर येतो. हे काळे अक्षर सुबक दिसते, पण पॉलिश पेपरने निघून जाते. स्टेनलेसवर उष्णता जास्त झाली, तर क्रोमियममुळे मिळणारे संरक्षण तिथेच कमी होते आणि नेमका अक्षरांवर गंज धरतो.

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्याच्या परिसरातल्या शेतांत चालणारे साध्या पोलादाचे विळे आणि कुऱ्हाडी मातीत, ओलीत राबतात, गंजतात, पुन्हा घासल्या जातात. अशा अवजारावर खोल ठसाच सोयीचा. मिटणारा चाकू रोजच्या कामाचा असेल, तर त्यालाही हेच लागू.

शेजारचे खामगाव चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. दागिन्यांच्या व्यवसायात पारडे लेझरकडे झुकते. ठोक्याने नाजूक पत्रा चेपतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा आहे आणि तो प्रत्येक नगावर वेगळा असतो. दर नगाला नवा पंच घडवणे अशक्य. लेझरला फक्त क्रमांक बदलून द्यावा लागतो. भेटीच्या चाकूवर एखाद्याचे नाव घालायचे असेल, तर तिथेही हीच सोय उपयोगी पडते. लेझरने ठशाइतकी खोली हवी असेल, तर एकाच रेषेवरून किरण अनेकदा फिरवावा लागतो. त्यात वेळ जातो आणि खर्चही वाढतो.