प्रवासातील मुक्काम

प्रवासात वाटेवर काही काळ थांबणे म्हणजे मुक्काम. मुक्कामात शरीराला विसावा मिळतो आणि त्या गावाची ओळखही होते. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे घरच्या गरिबीमुळे दक्षिणा मिळवण्यासाठी १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले. झाशीत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने त्यांना स्वस्थता लाभली. परंतु मार्च १८५८ मध्ये इंग्रजी फौजेने शहराला वेढा घातला. एप्रिलमध्ये झाशी पडली. कत्तल आणि लूट झाली. गोडशांनी जमवलेले द्रव्य गेले, पण डोळ्यांनी पाहिलेले स्मरणात राहिले. पुढे त्यांनी ते लिहून काढले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे एका सामान्य प्रवाशाचा मुक्काम इतिहासाची साक्ष ठरला.