माथेरानची लाल वाट आणि पाणी

माथेरानच्या जुन्या वाटांवर झाडांची मुळे उघडी पडलेली दिसतात. पर्यटक त्यांवर बसून फोटो काढतात. वास्तविक ती मोजपट्टी आहे: झाड रुजले तेव्हा माती या मुळांच्या वर होती. ती गेली कुठे?

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे आले आणि पुढे हे गिरिस्थान वसले. मोटारींना बंदी, त्यामुळे दळणवळण दीर्घकाळ पायी, घोड्यावर आणि हातरिक्षाने चालले. नाल ठोकलेला खूर जांभ्याची माती सैल करतो आणि पाऊस ती वाहून नेतो. पण सगळा दोष घोड्याच्या माथी मारणे फार सोपे आहे. प्रश्न मुळात आखणीचा आहे.

पाणी नेहमी सर्वांत तीव्र उताराने धावते. वाटही त्याच रेषेने सरळ खाली उतरवली, की दोन-चार पावसाळ्यांत तिची घळ होते. मग कडेला चर खणून उपयोग नसतो, कारण वाटच सर्वांत खोल झालेली असते. म्हणून वाट डोंगराच्या कुशीने तिरपी न्यावी. वाटा बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: वाटेचा चढ हा डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी हवा. शंभर फुटांत तीस फूट उतरणाऱ्या बाजूवर वाटेचा चढ पंधराच्या आत; आणि एकूण सरासरी दहाच्या आत राहिलेली बरी. गंमत म्हणजे सपाट जमीनही वाईटच. तिथे पाण्याला जायला जागाच नसते, चिखल होतो, माणसे तो चुकवून कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते.

वाट डोंगर कापून काढावी, भरावावर नव्हे, भराव खचतो. तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवावा, मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर इतका. मात्र वर्दळीने मधला भाग दबतो, बाहेरच्या काठावर मातीचा बांध साचतो आणि पाणी पुन्हा वाटेत अडकते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे उतरती वाट ठरावीक अंतराने थोडी वर चढवणे. त्या खोलगट वळणावर पाणी आपोआप बाहेर पडते. आडवे ओंडके किंवा दगड बसवण्याची पद्धत स्वस्त खरी, पण त्यांच्या मागे गाळ भरतो आणि चालणारे त्यांना वळसा घालतात.

माथेरानात पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ब्लॉकखालची माती वाचते हे मान्य. पण वरून सुटलेले पाणी कुठेतरी उतरणारच आणि जिथे उतरेल तिथे खणणारच. कोकणातल्या पाखाडीच्या पायऱ्या पावलांना सोयीच्या, घोड्याला अडचणीच्या.

वाटेची पाहणी जुलैत, भर पावसात करावी. गढूळ पाणी वाटेवरून किती पावले चालते ते मोजायचे. फार चालत असेल तर मध्ये आणखी एक उलटा चढ काढायचा, आणि काठावर साचलेला बांध फावड्याने मोडायचा.